ट्रॅकबॉल : वापर आणि निगा

ट्रॅकबॉल म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा बाण हलवण्यासाठी जागेवर बसवलेला बॉल. माउस टेबलावर सरकवावा लागतो. ट्रॅकबॉलचा सांगाडा हलत नाही, त्याच्या खोबणीतला बॉल तेवढा बोटांनी किंवा अंगठ्याने फिरवायचा. बॉल ज्या दिशेला आणि जेवढा फिरेल, त्या दिशेला आणि त्या प्रमाणात बाण सरकतो. या एका फरकातून त्याचे सगळे गुण निघतात आणि सगळ्या तक्रारीही. दंड आणि मनगट स्थिर राहते, टेबलावर वीतभर जागा पुरते, टेबल खडबडीत असो की तिरके, बाणाला फरक पडत नाही. मात्र माउसला लागलेला हाताचा घाम बाहेरच्या कवचावर राहतो, इथे तो थेट फिरणाऱ्या भागाला लागतो आणि आत जातो. म्हणून जो ट्रॅकबॉल वापरतो त्यानेच तो साफ करायला शिकावे लागते. बिघडला म्हणून अडगळीत टाकलेला ट्रॅकबॉल पुष्कळदा नुसता मळलेला असतो.

नाशिकच्या संगणक दुकानांत ट्रॅकबॉल क्वचितच मांडलेला दिसतो. हवा असेल तर बहुधा ऑनलाइन मागवावा लागतो. तरीही शहरातल्या असंख्य लोकांनी तो पाहिलेला असतो, फक्त नाव ठाऊक नसते. सिव्हिल हॉस्पिटल असो, आडगावचे मेडिकल कॉलेज असो की गंगापूर रोडवरचे छोटे केंद्र, सोनोग्राफीच्या यंत्राच्या पॅनेलवर मधोमध एक बॉल असतो आणि डॉक्टरांचा एक हात सतत त्याच्यावर असतो. दुसऱ्या हातात प्रोब धरलेला असतो, नजर पडद्यावर असते, माउस सरकवायला ना जागा असते ना मोकळा हात. ट्रॅकबॉल जन्माला आला तोच अशा अडचणीसाठी.

नौदलापासून टेबलापर्यंत

दुसरे महायुद्ध संपता संपता ब्रिटिश नौदलापुढे प्रश्न होता, तो रडारच्या पडद्यावर दिसणाऱ्या विमानांवर खूण कशी ठेवायची हा. नौदलाच्या वैज्ञानिक विभागातले राल्फ बेंजामिन यांनी १९४६ मध्ये त्यासाठी धातूचा एक बॉल रबर चढवलेल्या चाकांवर टेकवून ‘रोलर बॉल’ तयार केला. १९४७ मध्ये त्याचे पेटंट नोंदवले गेले, पण सगळा प्रकार लष्करी गुपित असल्याने बाहेर कोणाला पत्ता लागला नाही. त्यानंतर १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलासाठी ‘डेटार’ नावाची यंत्रणा उभी राहत होती. टॉम क्रॅन्स्टन, फ्रेड लाँगस्टाफ आणि केनियन टेलर यांनी तिच्यासाठी स्वतंत्रपणे ट्रॅकबॉल बनवला. त्यात बसवलेला बॉल खास घडवलेला नव्हता. कॅनडात खेळल्या जाणाऱ्या ‘फाइव्ह-पिन बोलिंग’चा तो साधा बॉल होता. बॉल फिरला की त्याला टेकलेल्या चकत्या फिरत, चकत्यांच्या कडेवरचे संपर्क तारांना शिवत आणि विजेचे ठोके मोजले जात. हे कामही गुप्तच राहिले.

माउस नंतर आला, हे पुष्कळांना उलटे वाटते. जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीतले राइनर मालेब्राइन हवाई वाहतूक नियंत्रणासाठी ट्रॅकबॉलवर काम करत होते. टेबलाला भोक पाडून बॉल बसवण्यापेक्षा तो उलटा करून टेबलावरच फिरवला तर, या विचारातून त्यांचा ‘रोलकुगेल’ घडला. कंपनीने १९६८ च्या ऑक्टोबरात तो जाहीर केला. डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत आपला माउस जगाला दाखवला तो त्याच वर्षी ९ डिसेंबरला. त्यात बॉल नव्हता, दोन चाके होती. पुढे घरोघरी आलेला बॉलचा माउस म्हणजे खरोखर पालथा घातलेला ट्रॅकबॉल होता.

सामान्य लोकांच्या हाती ट्रॅकबॉल आला तो खेळांमधून. अटारीच्या ‘फुटबॉल’ या १९७८ च्या यंत्रात आणि १९८० च्या ‘मिसाइल कमांड’मध्ये तो होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात केन्सिंग्टन आणि लॉजिटेक या कंपन्यांनी तो घरगुती संगणकाला जोडला. ॲपलने १९९१ च्या पॉवरबुकमध्ये कीबोर्डच्या पुढ्यात बॉल बसवला आणि तीन वर्षांत तो काढून टचपॅड आणले. मोबाइलवरही त्याची एक फेरी झाली. २००६ च्या ‘ब्लॅकबेरी पर्ल’चा वाटाण्याएवढा बॉल अनेकांना आठवत असेल. खिशातली धूळ आत जाऊन तो अडकायचा आणि काही वर्षांतच त्याची जागा बोट फिरवायच्या पट्टीने घेतली. मळामुळे एक चांगली रचना बाजारातून गेली, असे ते उदाहरण आहे.

आत काय असते

जुन्या यांत्रिक ट्रॅकबॉलमध्ये बॉलला काटकोनात दोन रूळ टेकलेले असत, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. प्रत्येक रुळाच्या टोकाला चिरा पाडलेली चकती असे. चकतीच्या एका बाजूला छोटा दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारे दोन डोळे. चकती फिरली की प्रकाश मिळे-तुटे आणि किती वेळा तुटला यावरून अंतर कळे. दोन डोळे अशा अंतरावर बसवलेले असत की एकाला प्रकाश दुसऱ्याच्या किंचित आधी मिळावा. कोणाला आधी मिळाला यावरून दिशा कळे. रचना साधी आणि भक्कम होती, पण रुळांवर मळाचे कडे चढे आणि मग बाण हिसके देई.

आजच्या बहुतेक ट्रॅकबॉलमध्ये रूळ नाहीत. बॉलच्या खाली किंवा बाजूला एक बारीक खिडकी असते. तिच्यातून दिव्याचा किंवा लेसरचा प्रकाश बॉलवर पडतो आणि एक चिमुकला कॅमेरा सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे टिपतो. आधीचे आणि आताचे चित्र ताडून बॉल किती सरकला हे ठरते. लॉजिटेकने १९९० च्या दशकाच्या मध्यात ‘ट्रॅकमॅन मार्बल’मध्ये ही पद्धत आणली, तेव्हा बॉलवर काळे ठिपके होते, ते शोभेसाठी नव्हते, कॅमेऱ्याला ओळखीच्या खुणा हव्या होत्या. म्हणूनच अशा यंत्रात दुसरा कुठला गुळगुळीत बॉल बसवून चालत नाही, मग तो मापाला अगदी बरोबर असला तरी.

बॉल मात्र अजूनही कशावर तरी टेकावा लागतो, आणि यंत्राचे सगळे सुख-दुःख तिथे आहे. खोबणीत तीन ठिकाणी मोहरीएवढे टेकू असतात. तीनच का, याचे उत्तर तीन दगडांच्या चुलीत आहे: तिच्यावर भांडे कधी डुगडुगत नाही, चौथा दगड ठेवला की एक तरी अधांतरी राहतो. हे टेकू स्वस्त यंत्रांत पोलादाचे असतात, चांगल्या यंत्रांत झिर्कोनिया या कठीण सिरॅमिकचे किंवा कृत्रिम माणकाचे. कृत्रिम माणिक म्हणजे क्रोमियमचा अंश असलेला ॲल्युमिनियम ऑक्साइड. कठिणपणाच्या मोह्सच्या मापावर त्याचा क्रमांक ९, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. एचएमटीच्या घड्याळांच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेले असे, ते याच जातीचे खडे. तिथे ते चाकांच्या आसांना टेकू देत, इथे बॉलला. माणकाचा टेकू वर्षानुवर्षे झिजत नाही. पोलादी टेकू काही काळाने चपटे होतात, आणि चपट्या जागेवर बॉल घसरण्याऐवजी घासू लागतो.

कोणता घ्यावा

प्रकार मुख्यतः दोन. अंगठ्याने फिरवायच्या ट्रॅकबॉलचा आकार माउससारखाच असतो, बॉल साधारण ३४ मिलिमीटर व्यासाचा आणि डाव्या कडेला असतो. बोटे क्लिक करायला मोकळी राहतात, माउसवरून येणाऱ्याला तो लवकर जमतो. लॉजिटेकचे एम ५७० आणि त्यानंतर २०२० मध्ये आलेले एम ५७५ ही त्याची सर्वांत रुळलेली उदाहरणे. दुसरा प्रकार बोटांनी फिरवायचा. त्यात बॉल मधोमध असतो आणि मोठा असतो. केन्सिंग्टनच्या ‘एक्स्पर्ट माउस’चा बॉल ५५ मिलिमीटरचा, जपानी एलेकॉमच्या ‘ह्यूज’चा ५२ मिलिमीटरचा. मोठ्या बॉलचा फायदा जडपणात आणि घेरात आहे. बारीक हालचालीला बोटांना जास्त अंतर मिळते, त्यामुळे बाण जिथे हवा तिथे थांबवता येतो, आणि एक टिचकी दिली की बॉल आपल्या वेगाने फिरत बाण पडद्याच्या टोकापर्यंत नेतो.

निवड करताना हाताचा विचार आधी करावा, किमतीचा नंतर. अंगठ्याचे सांधे आणि स्नायुबंध दिवसभर बारीक हालचाली करण्यासाठी बोटांइतके सोयीचे नाहीत. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या बाजूला दुखणे, ज्याचे वर्णन स्वित्झर्लंडचे शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हां यांनी १८९५ मध्ये केले, ते मोबाइलच्या वापरामुळे आजही बऱ्याच हातांत दिसते. ज्याला ते आहे किंवा अंगठ्याचा सांधा झिजलेला आहे, त्याने अंगठ्याच्या ट्रॅकबॉलच्या वाटेला जाऊ नये. बोटांनी फिरवायचाच घ्यावा. दुकानात हातात घेऊन पाहण्याची सोय नसल्याने हा विचार घरीच करून घेणे बरे. डावखुऱ्यांसाठी मधोमध बॉल असलेले दोन्ही बाजूंनी सारखे ट्रॅकबॉल मिळतात. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनाही ते डावीकडे ठेवून दोन्ही हातांत कामाची वाटणी करता येते. सोनोग्राफी करणारे डॉक्टर वर्षानुवर्षे डाव्या हातानेच बॉल फिरवतात, तेव्हा डावा हात शिकत नाही असे मुळीच नाही.

हाताला सवय

पहिले काही दिवस बाण हवा तिथे थांबत नाही. याच टप्प्यावर पुष्कळ लोक ट्रॅकबॉल बाजूला ठेवतात. सवय लागेपर्यंत बाणाचा वेग मध्यम ठेवावा. फार कमी ठेवला तर बॉल पुनःपुन्हा फिरवून बोटे दमतात, फार जास्त ठेवला तर छोट्या खुणेवर क्लिक करणे अवघड जाते. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ नावाची खूण असते. ती चालू असताना बॉल झपकन फिरवला तर बाण जास्त अंतर जातो आणि हळू फिरवला तर कमी. ट्रॅकबॉलला ती सहसा उपयोगी पडते, कारण एका टिचकीत पडदा ओलांडता येतो आणि हळूच फिरवून नेमका बिंदू गाठता येतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी सुट्या भागांची रेखाटने करणाऱ्या ड्राफ्ट्समनला मात्र ती बंद ठेवणे सोयीचे वाटेल. त्याला बोटाची एवढी हालचाल म्हणजे पडद्यावर एवढे अंतर, हा हिशेब कायम हवा असतो.

हात बॉलवर ओझ्यासारखा ठेवू नये. बोटांचा स्पर्श हलका, मनगट कोपराच्या रेषेत, कोपर साधारण काटकोनात आणि खांदा सैल. मोठ्या बॉलची यंत्रे उंच असतात, त्यामुळे मनगट वरच्या बाजूला मुडपते. त्यासाठी सोबत येणारी मऊ पट्टी मनगटाखाली घ्यावी, किंवा खुर्ची थोडी उंच करावी. लांबची हालचाल तीन बोटांनी, शेवटचे नेमके सरकवणे एका बोटाच्या टोकाने, अशी विभागणी हात आपोआप शिकतो.

ट्रॅकबॉलची खरी कमकुवत बाजू ओढण्यात आहे. बटण दाबून धरायचे आणि त्याच वेळी बॉल फिरवायचा, ही दोन्ही कामे एकाच हाताच्या बोटांवर येतात. माउसमध्ये धरणे बोटांचे आणि सरकवणे दंडाचे असते. मॅकेन्झी, सेलेन आणि बक्स्टन या संशोधकांनी १९९१ मध्ये माउस, पेनची पाटी आणि ट्रॅकबॉल यांची तुलना केली, तेव्हा ट्रॅकबॉल सर्वांत मागे राहिला आणि ओढण्याच्या कामात तो विशेष मंद ठरला. हा निष्कर्ष मान्य करून मार्ग काढावा. विंडोजमध्ये ‘क्लिकलॉक’ आहे: बटण क्षणभर दाबून सोडले की ते दाबलेलेच राहते, पुन्हा क्लिक केले की सुटते. एक्सेलमध्ये रकाने निवडताना पहिल्या घरावर क्लिक करून शिफ्ट दाबून शेवटच्या घरावर क्लिक केले तर ओढावे लागतच नाही. मजकुरालाही तीच युक्ती लागू पडते. ऑटोकॅडमध्ये खिडकीने निवड करताना एका कोपऱ्यावर आणि मग समोरच्या कोपऱ्यावर क्लिक पुरते. या सवयी लागल्या की ट्रॅकबॉलची ही उणीव रोजच्या कामात फारशी जाणवत नाही.

उलट काही कामांत तो माउसला मागे टाकतो. माउस टेबलाच्या कडेला पोचला की उचलून मागे ठेवावा लागतो. बॉलला कडच नाही. दोन-तीन पडद्यांवर काम करणारे, ध्वनी आणि चित्रफितींचे संकलन करणारे, वर्तमानपत्राचे पान लावणारे यांना याचा फरक लगेच कळतो. लासलगाव किंवा पिंपळगावच्या अडतीत, जिथे टेबलावर पावती पुस्तके, कॅल्क्युलेटर आणि कांद्याची टरफले यांतून हातभर जागा मोकळी करणे कठीण, तिथेही ट्रॅकबॉल माउसपेक्षा शहाणी निवड ठरेल. हाताच्या हालचालीवर मर्यादा असलेल्यांसाठी तर साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या बॉलचे ट्रॅकबॉल असतात. ते तळहाताने, मुठीने, अगदी पायानेही फिरवता येतात.

तीन टेकूंची सफाई

बॉलला रोज काय लागते हे पाहिले म्हणजे सफाईचे कारण कळते. त्वचेतून सतत तेलकट द्रव्य पाझरते, मृत त्वचेचे कण सुटतात, हवेतली धूळ त्यांना चिकटते. बॉल फिरताना हे सगळे आत नेतो आणि तीन टेकूंवर पुसतो. तिथे काही दिवसांत करड्या रंगाचा घट्ट थर साचतो. बॉल मग टेकूवर नाही, या थरावर फिरतो. स्थिर वस्तूला हलवायला लागणारा जोर ती हलत असताना लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त असतो, आणि थर चिकट असेल तर ही तफावत आणखी वाढते. परिणाम असा की बोटाने हलकेच ढकलले तर बॉल हलत नाही, थोडा जोर दिला तर एकदम सुटतो आणि बाण खुणेच्या पुढे उडी मारतो. ‘बाण अडकतो’ किंवा ‘उड्या मारतो’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा एवढेच असते.

सफाईपूर्वी दोष कुठे आहे हे ओळखावे. बॉल बोटाला खरखरीत, अडखळत लागत असेल तर टेकू मळले आहेत. बॉल लोण्यासारखा फिरतो पण बाण मध्येच थांबतो, तर कॅमेऱ्याच्या खिडकीवर केस किंवा धाग्याचा तुकडा आहे. बाण ठीक चालतो पण एका क्लिकचे दोन क्लिक होतात, तर बटणाखालच्या स्विचचा प्रश्न आहे. आणि बिनतारी यंत्रात बाण अधूनमधून गोठतो, तर बॅटरी किंवा रिसीव्हर तपासावा.

बॉल काढणे सोपे आहे. अंगठ्याच्या ट्रॅकबॉलच्या तळाशी बॉलच्या खाली एक भोक असते. त्यातून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ढकलले की बॉल बाहेर येतो. मोठ्या बॉलचे काही ट्रॅकबॉल नुसते पालथे केले की बॉल तळहातावर पडतो. हे काम टेबलावर कापड पसरून करावे. फरशीवर पडलेल्या बॉलला ओरखडा आला तर तो ओरखडा दर फेरीला टेकूवरून जातो आणि बोटाला कायमचा जाणवतो.

बॉल मऊ, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसावा. चष्म्याचे कापड उत्तम. फार चिकट झाला असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करावा. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. बहुतेक बॉल रेझिनचे असतात आणि त्यांची झिलई त्याने कायमची जाते. टेकूंसाठी इअरबड घेऊन त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब टाकावा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ‘आयपीए’ म्हणून मागितले की ते मिळते. थर सुकून दगडासारखा झाला असेल तर आधी लाकडी टूथपिकने हलकेच खरवडावा आणि मग पुसावा. सुई, पिन, कटर वापरू नये. माणकाला त्याने काही होणार नाही, पण टेकूभोवतीचे प्लास्टिक आणि शेजारची खिडकी दोन्ही ओरबाडली जातील. खिडकी कोरड्या इअरबडने एका दिशेने पुसावी, किंवा कॅमेऱ्यासाठी मिळणाऱ्या रबरी फुग्याने हवा मारावी. तोंडाने फुंकर मारली तर थुंकीचे बारीक थेंब तिथेच सुकतात.

धुतलेला, कोरडा बॉल परत बसवला की तो आधीपेक्षा जास्त अडखळतो, आणि सफाई बिघडली असे वाटते. त्यात काही चुकलेले नसते. त्वचेतले हेच तेल अगदी पातळ प्रमाणात बॉलला वंगणाचे काम करते. ते सगळे निघून गेलेले असते. बॉल तळहातांत थोडा चोळला किंवा कपाळावरून, नाकावरून फिरवला की तो पुन्हा सुरळीत होतो. जगभरातले ट्रॅकबॉल वापरणारे हीच युक्ती करतात. शिलाई मशीनचे तेल, खोबरेल किंवा ग्रीस मात्र लावू नये. त्यांचा थर जाड होतो, धूळ धरून ठेवतो आणि आठवड्याभरात टेकूंवर चिखल होतो. केसांना तेल लावल्यानंतर, जेवणानंतर किंवा सॅनिटायझर चोळल्यानंतर लगेच बॉलला हात लावू नये हेही त्याच कारणाने. सॅनिटायझरमधले ग्लिसरीन उडून जात नाही, ते मागे चिकटपणा ठेवते.

किती दिवसांनी साफ करावा याचा ठरीव नियम नाही. घरी तासभर वापरणाऱ्याला महिन्यातून एकदा पुरे. दिवसभर कार्यालयात वापरणाऱ्याने आठवड्यातून एकदा बॉल काढून टेकू पुसावेत. सरावाने त्याला दोन मिनिटे लागतात.

सोनोग्राफीच्या यंत्रातला बॉल

इथे मळ वेगळा आहे. प्रोबवर लावायची जेल पाण्यावर आधारलेली असते, ती हातमोज्यावरून पॅनेलवर येते, बॉलच्या कडेच्या फटीतून आत झिरपते आणि पाणी उडून गेले की मागे पातळ चिकट पापुद्रा राहतो. पावडरचे हातमोजे असतील तर ती पावडरही त्यात मिसळते. दिवसाला बरेच रुग्ण तपासणाऱ्या केंद्रात हा बॉल टेबलावरच्या ट्रॅकबॉलपेक्षा कितीतरी लवकर जड होतो.

आणि इथे जड बॉलची किंमत जास्त आहे. प्रतिमा गोठवल्यानंतर डॉक्टर याच बॉलने कॅलिपर, म्हणजे मापाच्या दोन खुणा, गर्भाच्या डोक्याच्या किंवा मांडीच्या हाडाच्या कडेवर नेऊन ठेवतात. पहिल्या तिमाहीत गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून दिवस ठरवतात, आणि त्या काळात ही लांबी रोज साधारण एक मिलिमीटरने वाढते. बॉलने हिसका दिला आणि खूण दोन मिलिमीटर पुढे बसली तर वयाच्या हिशेबात दोन दिवसांचा फरक पडतो. सावध डॉक्टर खूण पुन्हा बसवतात, पण गर्दीच्या वेळी दर मापाला दोनदा-तीनदा झगडणे हा हाताला आणि डोळ्याला विनाकारण ताप आहे.

बहुतेक यंत्रांत बॉलभोवती एक कडे असते. ते फिरवून सोडवले की बॉल निघतो. आधी यंत्र बंद करावे. द्रव कधीही पॅनेलवर फवारू नये, कापडावर किंवा इअरबडवर घ्यावा. बॉल आणि आतले रूळ किंवा टेकू पुसून, कोरडे करून मग कडे बसवावे. कोणता द्रव चालतो हे त्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तेच पाळावे. याच्या पुढे जाऊन पॅनेल उघडणे कंपनीच्या तंत्रज्ञाचे काम. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंद समुचित प्राधिकाऱ्याकडे असते. एक यंत्र रुसले म्हणून शेजारच्या केंद्रातून दुसरे आणून लावणे शक्य नसते, बदल आधी कळवावा लागतो. म्हणून आहे ते यंत्र चालते ठेवण्याला इथे नेहमीपेक्षा जास्त महत्त्व आहे. रोज संध्याकाळी बॉलच्या फटीवरची जेल ओली असतानाच टिपून घेतली, तर आतली सफाई फार क्वचित करावी लागते.

नाशिकची हवा, नाशिकचे कारखाने

ऋतूप्रमाणे बॉल वेगळा वागतो. मार्च ते मे कोरडी धूळ असते, तेव्हा खिडकीवर तंतू साचतात. थंडीत, निफाडच्या बाजूला पारा कधी कधी पाच अंशांच्या आसपास येतो तेव्हा, हाताची त्वचा कोरडी पडते, तेलाचा पातळ थर मिळत नाही आणि साफ बॉलही रखरखीत लागतो. हाताला लावलेले कोल्ड क्रीम मुरल्यावरच काम सुरू करावे. पावसाळ्याचा त्रास शहरापेक्षा इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडे जास्त. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि दमट हवेत पोलादी टेकूंवर गंजाचे ठिपके येतात. गंजलेला टेकू बॉलला कानशीसारखा घासतो. तिथे सिरॅमिक किंवा माणकाचे टेकू असलेलाच ट्रॅकबॉल घ्यावा.

सातपूर आणि अंबडच्या शॉप फ्लोअरवर प्रश्न आणखी कठीण होतो. मशीनिंगच्या कूलंटचा बारीक तेलकट फवारा हवेत असतो आणि ग्राइंडिंगची धातूची भुकटी त्यात मिसळते. तेल आणि भुकटी मिळून घासायची पेस्टच तयार होते, आणि ती टेकू व बॉल यांच्या मध्ये सापडली की दोन्ही झिजतात. अशा जागी घरगुती ट्रॅकबॉल ठेवू नये. उद्योगांसाठी पॅनेलमध्ये बसवायचे, धूळ-पाण्यापासून सीलबंद ट्रॅकबॉल मिळतात; त्यांच्या संरक्षणाचा दर्जा आयपी ६५ किंवा त्याहून वरचा असतो. पहिला आकडा धुळीसाठी आणि ६ म्हणजे धूळ मुळीच आत जात नाही. दुसरा पाण्यासाठी आणि ५ म्हणजे सगळ्या बाजूंनी पाण्याची धार आली तरी चालते. घरगुतीच वापरायचा असेल तर तो शॉपऐवजी काचेच्या केबिनमध्ये ठेवावा आणि पाळी संपताना त्यावर झाकण घालावे.

क्लिक, बॅटरी आणि रिसीव्हर

बॉल नीट राखला तर आधी थकतात ती बटणे. प्रत्येक बटणाखाली पातळ धातूच्या पट्टीचा मायक्रोस्विच असतो. पट्टीवर काजळी किंवा ऑक्साइड धरला, किंवा तिचा ताण गेला की एक दाब दोनदा नोंदला जातो. सेटिंगमध्ये डबल-क्लिकचा वेग बदलून हा दोष जात नाही. स्विच बदलावा लागतो. तो स्वस्त असतो आणि मोबाइल किंवा लॅपटॉप दुरुस्त करणारा कोणताही कुशल कारागीर सोल्डरिंगने बसवू शकतो. यंत्राचे स्क्रू बहुधा खालच्या रबरी पायांखाली लपलेले असतात. पाय काढताना फाटले तर नवे चिकटवावेत, नाहीतर बॉल फिरवताना सगळा सांगाडाच सरकतो.

बिनतारी ट्रॅकबॉल २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात आणि यूएसबी ३.० ची जोडणी त्याच पट्ट्यात गोंगाट करते. रिसीव्हर संगणकाच्या मागे निळ्या पोर्टमध्ये, शेजारी हार्ड डिस्क, अशी मांडणी असेल तर बाण अडखळतो. छोट्या एक्स्टेन्शन वायरने रिसीव्हर टेबलावर आणला की बहुधा काम होते. पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र महिनाभर बंद राहणार असेल, दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत, तर सेल काढून ठेवावा. सेलमधून पाझरलेला क्षार संपर्काच्या स्प्रिंगा खाऊन टाकतो. पाझर आधीच झाला असेल तर पांढरा थर व्हिनेगरच्या थेंबाने भिजवून पुसावा आणि मग आयपीएने कोरडा करावा.

प्रवासात बॉल सांगाड्यात ठेवू नये. सैल बसवलेला बॉल बॅगेत निसटतो आणि हरवला तर सुटा बॉल मिळणे यंत्र मिळण्यापेक्षा कठीण जाते. पूलचा ५७ मिलिमीटरचा किंवा स्नूकरचा साडेबावन्न मिलिमीटरचा बॉल घरात असतो म्हणून बसवून पाहण्याचा मोह होतो. पण कॅमेरा ठरावीक अंतरावरच नीट पाहतो, आणि मापात दोन मिलिमीटरचा फरक असेल तर बॉल एकतर खोबणीत बसत नाही किंवा बसूनही बाण हलत नाही. त्यामुळे त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलसाठीचा बॉलच घ्यावा, आणि यंत्र घेतानाच शक्य असेल तर एक जादा मागवून ठेवावा.